एवढीशी शेपटी

ग्रिम्सबीत गुरुवारी संध्याकाळी सातला
हात घासघासून येतात ही माणसं.
मासळीचा वास जात नाही.
चर्चमागच्या खोलीत हीटर कुरकुरतो
आणि मी, ग्लेनिस, एकतीस वर्षं तेच उगाळत आलेली,
फळ्यावर दोन वाक्यं लिहिते:

ही स्टॉप्ड टू स्मोक.
ही स्टॉप्ड स्मोकिंग.

एकात माणूस वाटेत थांबतो, काडी ओढतो.
दुसऱ्यात काडेपेटी कायमची बंद.
"एवढ्याशा शेपटीनं?" दाइवा विचारते.
ती क्लाइपेदाची, मासे कापायच्या पट्ट्यापाशी
दिवसाचे अकरा तास उभी असते.
हो, म्हटलं, एवढ्याशा शेपटीनं.
"माझ्या नवऱ्याला सांगा. तो दोन्ही वाक्यं रोज करतो."

हसून झाल्यावर मी नियम सांगते,
मला कुणी सांगितला होता तसाच:
टू म्हणजे अजून व्हायचंय.
आयएनजी म्हणजे होऊन गेलंय.
रिमेंबर टू लॉक, जाताना कुलूप लावायला विसरू नको.
रिमेंबर लॉकिंग, लावल्याचं आठवतंय.

तेस्फालेम मान खाली घालून उतरवून घेतो.
मग खिशातून एक किल्ली काढून वहीवर ठेवतो,
पितळी, लांब दांड्याची,
या गावातल्या कुठल्याच दाराची नाही.
"आय रिमेंबर लॉकिंग."
बरोबर, मी म्हणते.
शिक्षिकेला दुसरं काय म्हणता येतं?

उरलेल्या वेळात खेळ.
मी शब्द म्हणणार, पहिलं सुचेल ते लिहायचं,
विचार करायचा नाही.

मीठ.
मला व्हिनेगर, अर्थात. कागदातले गरम चिप्स,
शुक्रवार, बाबांच्या कोटाचा ओला वास.
दाइवाला पाव, नव्या जोडप्यापुढे धरतात तो.
तेस्फालेमनं लिहिलं, उंट.
उंट?
त्यानं हवेतच एका पाठीवर लाद्या रचून दाखवल्या,
एकीवर एक, दोरी आवळली,
आणि हीटरसमोरून
एक आख्खी रांग सावकाश निघून गेली.

दार.
मला बेल. दाइवाला थंडी.
तेस्फालेमला लिहावं लागलंच नाही.
शिलान कधी बोलत नाही. तिनं घडी करून कागद दिला.
बूट.
मला वाटलं, उंबऱ्याशी काढून ठेवतात ते.
शाबास लिहायला पेन टेकवलं
आणि बोटांना कागदाची मागची बाजू लागली:
अक्षरं इतकी दाबली होती
की पलीकडे उमटून वर आली होती.
मी शाबास लिहिलं नाही.
काहीच लिहिलं नाही.

नऊ वाजता तेस्फालेम मागे रेंगाळला.
लेकीला पत्र, कंपालात शिकते ती,
बापाची इंग्रजी तपासते म्हणे.
शेवटची ओळ: आय लुक फॉरवर्ड टू सी यू.
माझ्या लाल पेनानं सवयीनं केलं, सीइंग.

"टीचर, इथे टू आहे.
ती अजून आलेली नाही.
मग होऊन गेल्याची शेपटी कशाला?"

हा टू तो टू नव्हे, हे मला ठाऊक आहे.
पुस्तकात चौकट आहे त्याची, पिवळी.
पण तो इतका नीट उभा होता,
टोपी हातात धरून,
की मी पेनाला टोपण लावलं
आणि म्हटलं, नियम असा आहे, का ते मला सांगता येत नाही.
"ओके," तो म्हणाला. "सीइंग."
आणि तिथेच, उभ्यानं, ओळ पुन्हा लिहून काढली,
शेपटीकडे जरा जास्तच वेळ घेत.

दिवे मालवले, बाहेर आले.
बंदराच्या वळणावर आठवेना, कुलूप लावलं का.
वाऱ्यात परत गेले. लावलेलं होतं.
तरी हात दारावर तसाच राहिला थोडा वेळ,
आणि दार म्हटल्यावर
बेल काही आठवेना.